झाकलेलं कोंबडं

आमच्या परसातला कोंबडा एकदा मान टाकून बसला. तुरा काळवंडला, दाण्याला चोच लावेना. आजीनं त्याला इतर कोंबड्यांपासून वेगळं केलं, गोणपाट अंथरून डालग्याखाली ठेवलं. कोंबड्याचं अंग मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम; आजारात ती ऊब टिकवायला बाहेरून आधार लागतो. चोचीच्या कडेला थेंबथेंब गूळपाणी, मऊ शिजवलेल्या कण्या, गुरांच्या डॉक्टरांचं औषध, असे पाच दिवस गेले.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच. त्या पाचही दिवशी फुटलं; अंगण मात्र मुकं होतं. सहाव्या पहाटे डालग्याखालून घोगरी बांग आली आणि आजीचे डोळे भरले.

सूर्य कुणासाठी थांबत नाही. आजाऱ्यापाशी माणसालाच थांबावं लागतं. आज आपणही कुणापाशी थोडं थांबूया.