शस्त्राची सोबत

सुतीक्ष्ण मुनींचा निरोप घेऊन राम आणि लक्ष्मण धनुष्ये सज्ज करून दंडकारण्यात पुढे निघाले, तेव्हा सीतेने रामाला एक शंका विचारली. आणि अरण्यकांडाच्या नवव्या सर्गात वाल्मीकींनी ती नोंदवून ठेवली नसती, तर रामकथेतला एक अत्यंत अवघड प्रश्न आपल्या हाती लागलाच नसता. कोणाशी वैर नसताना शस्त्र घेऊन अरण्यात जावे काय, असा तो प्रश्न होता. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी तिने एका सत्यवचनी तपस्व्याची कथा सांगितली. त्याच्या तपात विघ्न आणावे म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपले उत्तम खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. ठेवीला धक्का लागू नये या चिंतेने तो तपस्वी कंदमुळे आणायला निघाला तरी खड्ग बरोबर घेऊ लागला, आणि त्या नित्य सोबतीने त्याची बुद्धी हळूहळू क्रूर होत जाऊन तप सुटले व अखेर तो नरकात गेला.

या कथेत इंद्राने अप्सरा धाडली नाही, द्रव्याचा लोभ दाखविला नाही. तपस्वी ढळला तो त्याच्या प्रामाणिकपणामुळे, परक्याची ठेव जिवापाड सांभाळण्याच्या सद्गुणामुळे, हे मला तीतले सर्वांत भेदक मर्म वाटते. त्याने खड्ग चालविण्यासाठी घेतले नव्हते. त्या खड्गाला त्याच्यापाशी काही कामच नव्हते, आणि म्हणून ते सांभाळणे हेच त्याचे काम होऊन बसले.

सह्याद्रीत भटकणाऱ्या, मोजक्या साधनांवर रानात रात्र काढण्याची हौस असणाऱ्या आणि त्यासाठी एखाद्या एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडून हाताने घडविलेली सुरी फर्मास देऊन करवून घेऊ पाहणाऱ्या आजच्या गृहस्थाला ही कथा ऐकविली, तर तो हसेल, आणि चार इंचांच्या सुरीचा इंद्राच्या खड्गाशी संबंध काय म्हणून विचारील. संबंध आहे, तो लांबीचा नाही. निव्वळ उपयोगच पाहायचा, तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या कारखान्यातून निघणारी स्वस्त सुरी काटक्यांच्या ढलप्या काढायला, खुंटी तासायला आणि बांबू चिरायला पुरून उरते. तिच्या कित्येक पटींनी अधिक दाम मोजून, महिनोन्‌महिने वाट पाहून जो माणूस कारागिराच्या दारी जातो, तो गरजेपोटी जात नाही हे त्याने आधी स्वतःशी कबूल करावे. तो जातो ते वस्तूच्या देखणेपणासाठी. आणि थरांवर थर घडवून नक्षी उठविलेले पाते व सांबरशिंगाची मूठ हाती आल्यावर ओरखडा उठू नये म्हणून तो तिला म्यानातून बाहेर काढीनासा होतो, तेल लावून पुसून ठेवतो, आल्यागेल्यास दाखवितो. उत्तम खड्ग ठेव सांभाळणाऱ्याच्या हाती पडले, ते असे.

याच्या उलट जाणारा एक दाखला अमेरिकेतला आहे. होरेस केफार्ट हा मूळचा ग्रंथपाल. 1904 च्या सुमारास तो नॉर्थ कॅरोलायनाच्या स्मोकी पर्वतात राहायला गेला आणि 1906 मध्ये त्याचे अरण्यातील राहणीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते या विषयाचे शौकीन आजही उघडतात. शिकारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, कादंबऱ्यांतल्या वीरांच्या कमरेला शोभणाऱ्या जाडजूड सुऱ्यांवर त्याचा भारी राग, कारण त्यांनी लाकूड धड तासता येत नाही. त्याची स्वतःची आवडती सुरी एका खेडवळ लोहाराने केलेली होती: पाते साडेचार इंच, मूठ तेवढीच, रुंदी इंचभर, पाठीची जाडी इंचाचा आठवा भाग. दिसायला ती अगदीच ओबडधोबड, हे तो मोकळेपणाने सांगतो. पण आपण वापरून पाहिलेल्या इतर साऱ्या सुऱ्यांनी मिळून केले नसेल इतके काम त्या एकटीने केले, असाही हवाला देतो. तिला पाणी अशा बेताने दिले होते, की ओले कठीण लाकूड ती कापी, पण गाठीवर किंवा हाडावर आपटली तर धारेचा तुकडा उडण्याऐवजी धार नुसती वळे आणि निसण्यावर पुन्हा सरळ होई.

हे पाणी देण्याचे काम जवळून पाहिले, म्हणजे हाताने घडविलेल्या वस्तूचा खरा विशेष कळतो. पाते निखाऱ्यांत लाल झाले की कारागीर त्याला लोहचुंबक लावून पाहतो. चुंबक धरीनासा झाला म्हणजे वेळ जवळ आली. मग पाते तेलात जाते, आणि बाहेर काढून त्यावर कानस फिरविली तर ती लागत नाही, कर्कश आवाज करीत घसरते. इतके कठीण पाते कामाचे नव्हे, दगडावर पडले तर फुटते. म्हणून त्याचे अंग घासून लख्ख करतात, पुन्हा मंद आचेवर धरतात, आणि पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत वाट पाहतात. तो रंग जांभळट होऊन निळ्याकडे झुकला, तर पाते अधिक चिवट पण अधिक मऊ झाले. कोणत्या रंगावर थांबायचे हे कोण ठरविणार? गिऱ्हाइकाचे काम ठरविणार. चमचे कोरायचे असतील तर एक रंग, फांद्या फोडायच्या असतील तर दुसरा. म्हणून जातिवंत कारागीर भट्टी पेटविण्याआधीच विचारतो, "कशाला हवी?" हा प्रश्न नीतीचा नाही, पोलादाचा आहे, पण तो विचारल्यावाचून पोलादाचेही भागत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारखाना हा प्रश्न विचारीत नाही, कारण त्याची सुरी कोणाही एकासाठी नसते.

आपल्याकडच्या बलुतेदारीत जाच होता, जातीची कुंपणे होती, आणि तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तरीही लोहाराला खळ्यावर धान्य मिळे ते नगाला इतके या हिशेबाने नव्हे. वर्षभर कुणबिकीची अवजारे शेवटून देण्याबद्दल मिळे, आणि म्हणून आपला विळा कोणाच्या हाती, कोणत्या पिकात चालतो हे त्याला ठाऊक असे. रस्त्याकडेला पाल ठोकून कमानपाट्याचे पोलाद ऐरणीवर घेणारा घिसाडी आणि समोर घण उचलणारी त्याची बायको यांच्यापाशी आजही विळा मागा, आधी ऊस की गवत हेच विचारतील.

कशासाठी, हा प्रश्न धर्मशास्त्रातही आहे. जैनांच्या श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, अनर्थदंड टाळण्याचे व्रत आहे, आणि त्यात वधाला कारण होणारी साधने दुसऱ्याला देणे निषिद्ध आहे. रत्नकरंड श्रावकाचाराच्या यादीत कृपाणाबरोबर परशू, कुदळ आणि अग्नीही आहे. कुदळ आणि अग्नी यांवाचून संसार होत नाही हे त्या शास्त्रकारांना कळत नव्हते असे नव्हे. त्यांचा रोख निष्प्रयोजन हिंसेवर आहे. आमच्या सरकारचा दफ्तरी कायदाही, गंमत अशी, याच वाटेने गेला: 1962 च्या शस्त्रनियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवान्याच्या कक्षेत आणले, आणि लगेच घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी घडविलेली पाती वगळली. मोजपट्टी पुरेना, म्हणून इरादा विचारावा लागला.

पण काम आहे एवढ्यावर निर्धास्त होता येईल काय? फिनलंडमधल्या पुक्को नावाच्या सुरीने तिथला शेतकरी दिवसभर लाकूड तासतो, मासे साफ करतो. तिच्याइतकी कामसू सुरी क्वचितच असेल. तरी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशके दक्षिण ओस्त्रोबोथ्निया प्रांतात याच सुऱ्या लग्नसमारंभांत उपसल्या जात, खून पडत, आणि त्या गुंडांना लोकांनी सुरीवरूनच नाव दिले होते. त्याच काळात इतर प्रांतांतही सुरी तीच होती. तेव्हा सोबतीने बुद्धी बिघडतेच असे नाही, आणि कामाने ती शाबूत राहतेच असेही नाही. सीतेचा तपस्वी हा नियम नसून धोक्याची सूचना आहे.

रामाने तिला दिलेले उत्तरही असेच आहे. तुझी कथा खोटी, असे तो म्हणत नाही. उलट तिच्या बोलण्यातल्या स्नेहाची तो कदर करतो. त्याचे म्हणणे एवढेच, की राक्षसांनी पीडलेले मुनी शरण आले, त्यांना मी वचन दिले, आणि प्राण सोडीन, तुला व लक्ष्मणालाही सोडीन, पण ते वचन सोडणार नाही. म्हणजे शस्त्र बाळगण्याचा अधिकार तो आपल्या मालकीवरून सांगत नाही, आपल्या संयमी स्वभावावरूनही सांगत नाही. कोणी तरी मागितलेल्या आणि आपण पत्करलेल्या कामावरून सांगतो. तपस्व्याला असे काही सांगता आले नसते. सीतेला हे उत्तर कितपत पटले, हे वाल्मीकींनी लिहिलेले नाही; मला मात्र तिचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा थोर वाटतो, कारण उत्तर एका प्रसंगाचे आहे आणि प्रश्न पाते हाती घेणाऱ्या प्रत्येकाचा.

म्हणून हाताने घडविलेली सुरी घ्यायचीच असेल, तर जिला झिजविताना हात कचरणार नाही अशी साधी घ्यावी, आणि जो कारागीर काम विचारीत नाही त्याला फर्मास देऊ नये. घरात एखादी सुरी पावसाळे उलटले तरी म्यानातच पडून असेल, तर ज्याला खरोखर लाकूड तासायचे आहे अशा कोणाला ती देऊन टाकावी; देताना मात्र, कशाला हवी, हे त्याला विचारून घ्यावे.