वऱ्हाडाचे हिवाळी पाहुणे

वऱ्हाडाला समुद्र नाही. पण दिवाळीनंतर किनाऱ्याचं वैभव आपल्या तलावांवर उतरतं. अकोल्याजवळचं कापशी, अमरावतीचा छत्री तलाव, मोर्शीकडचं अप्पर वर्धा धरण. पाणी ओसरतं, काठाचा गाळ उघडा पडतो, कोवळं गवत उगवतं. लडाख-तिबेटकडचे नारिंगी चक्रवाक येतात. थेट हिमालय ओलांडणारे पट्टकादंबही येतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात. दुर्बिणीतून ते पट्टे एकदा दिसले, की मुलं पट्टकादंब हे नाव विसरत नाहीत.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ तारखेला निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. चितमपल्ली तर आपल्या मेळघाटातही वनाधिकारी होते.

घरच्यांना घेऊन तलावावर जरूर जा, कॅमेराही न्या. पण एक कळकळीची विनंती. उडत्या थव्याच्या फोटोसाठी पक्ष्यांना उठवू नका. विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्यांना महाग पडते. हिवाळा सरला की तोच हिमालय पुन्हा ओलांडायचा असतो. त्यासाठी खाल्लेलं अंगी लागायला हवं. बांधाआड बसा. जवळ जाताना पक्ष्याने चरणं सोडून मान ताठ केली, की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या.