गीता ३:१३ – आधी मूठ, मग चहा



कर्मयोगाच्या अध्यायात आज आपण तेराव्या श्लोकावर आलो. अर्थ साधारण असा, की यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते अन्नाच्या नावाने पापच खात असतात. शब्द कडक आहे. आधीच्या, बाराव्या श्लोकात परत काही न देता भोगणाऱ्याला भगवंतांनी चोर म्हटलंच होतं, इथे आवाज अजून चढलाय. आणि गंमत बघा, काय शिजवलं, उपास होता की नव्हता, सोवळ्यात की ओवळ्यात, यातलं काहीही या श्लोकात नाही. विचारलंय एवढंच, की कोणासाठी शिजवलं?

यज्ञ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तूप, समिधा, धूर वगैरे येत असेल. माझ्यासमोर आमच्या आजीचं मागचं अंगण येतं. कणकवली तालुक्यात आमचं घर आहे, आजी त्र्याऐंशी वर्षांची, आणि तिच्या अकरा गावठी कोंबड्या. सकाळी उठली की ती आधी तांदळाच्या डब्याशी जाते. चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या आधी, सुपात एक-दोन मुठी काढून ठेवते. मग खुराडा उघडते आणि 'ती ती ती ती' करत त्या दाण्यांची पखरण करते. चहा त्यानंतर. घरात पाहुणे असोत, अंगात ताप असो, क्रम बदलत नाही.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण मुंबईत 'प्राण्यांना घालतो' म्हणजे काय करतो? आपलं जेवण झालं, पोळी उरली, भात कडक झाला, की तो कुणाला तरी घालतो. त्यात वाईट काही नाही. पण मग उरलेलं ते खातात आणि ताजं आपण. श्लोकात नेमकं उलटं आहे. यज्ञात आधी दिलं जातं आणि उरलेलं यजमान खातो. आजीच्या घरात आम्ही सगळे, माझे बाबा धरून, आयुष्यभर कोंबड्यांचं उरलेलं खात आलोय असं म्हटलं तर शास्त्रानुसार ते बरोबर आहे. बाबांना हे वाक्य आवडणार नाही.

आता जरा तपशिलात जातो, कारण मला तपशिलाशिवाय भक्ती कळत नाही. (इंजिनिअर आहे, सांभाळून घ्या.)

पिंजऱ्यात ठेवलेली अंड्याची कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य खाते. अंगणातल्या कोंबडीला एवढं द्यावं लागत नाही. किडे, गवताचं बी, कोवळा पाला, वाळवी हे ती दिवसभर उकरून स्वतः मिळवते. आपण द्यायचं ते सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं. सकाळचं अशासाठी, की तिला हे घर आपलं वाटावं. संध्याकाळचं अशासाठी, की तिने परत यावं. उकड्या तांदळाच्या कण्या, कोंडा, कधी नाचणी. कोंडा कोरडा दिला तर उडून जातो, म्हणून तो पाणी लावून जरासा ओला करायचा, पण तेवढ्यापुरताच, कारण दुपारपर्यंत आंबतो. बुरशी लागलेलं धान्य अजिबात नाही, त्यात विष तयार होतं. कोंबडीला दात नसतात. ती बारीक खडे गिळते आणि पोटात त्या खड्यांवर दाणा दळला जातो. म्हणजे जातं आतच. अंड्याच्या कवचाला चुना लागतो, म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकून न देता आजी त्या भाजून कुटते आणि कोंड्यात मिसळते. पिल्लं असली की वाळवीचं ढेकूळ आणून त्यांच्यासमोर फोडते. करवंटीतलं पाणी रोज ओतून द्यायचं, करवंटी घासायची, नवं भरायचं. खुराड्यातली शीट काढून माडाच्या बुंध्याशी टाकायची.

आणि मग तिन्हीसांजेला मोजायच्या. एक, दोन, तीन... अकरा. दार लावायचं, आडणा सरकवायचा. कारण मुंगूस आहे, रानमांजर आहे. दिवसा घार असते ती वेगळी.

आमच्या भाषेत याला क्रॉन जॉब म्हणतात, ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. फरक एवढाच, की आजीचं आपोआप चालत नाही. ती स्वतः चालते. मोठा यज्ञ वर्षातून एकदा करणं सोपं आहे. सुट्टी घेता येते, फोटो निघतात. रोजच्या यज्ञाला सुट्टी नाही आणि प्रेक्षकही नाहीत. 'आज रिलीज आहे, उद्या डबल घालतो' असं कोंबडीला सांगून चालत नाही.

शिवाजी पार्कवर राहणाऱ्या मला हा फरक नीट कळला तो आजीमुळेच. २०२४ च्या डिसेंबरात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुतारी एक्सप्रेसने आली, दोन महिने राहिली. रोज संध्याकाळी तिला कट्ट्यावर घेऊन बसायचो. समोर क्रिकेटची नेट, फेऱ्या मारणारी माणसं, उद्यान गणेशाची घंटा. तिचं लक्ष मात्र कबुतरांकडे. एकदा दादरला खरेदीला गेलो तेव्हा तिला कबुतरखानाही दाखवला. पोत्यांनी दाणे, शेकडो पाखरं, माणसं येतायत, हात जोडतायत, दाणे टाकून पुढे जातायत. मला वाटलं आजी खूश होईल. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्येंका सांजचा कोण कोंडता रे?"

म्हणजे, यांना संध्याकाळी आत कोण घेतं?

मी हसलो होतो तेव्हा. कबुतरांना कोण कोंडणार! पण त्या प्रश्नात तिचं सगळं धर्मशास्त्र आहे. तिच्या लेखी दाणा टाकणं हा कामाचा पहिला भाग. मोजणं, शीट काढणं, आजारी आहे का बघणं, दार लावणं हे सगळं त्याच मुठीला जोडलेलं आहे. मूठ तुमची असेल तर शीटही तुमची.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या कबुतरखान्यावरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. महापालिकेने ताडपत्री घातली, लोकांनी ती काढली, प्रकरण उच्च न्यायालयात होतं, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. एका बाजूला पिढ्यान्पिढ्यांची जीवदया, दुसऱ्या बाजूला फुप्फुसांचे आजार आणि आसपासच्या इमारतींतली माणसं. दाणे टाकणाऱ्यांच्या भावाबद्दल मला शंका नाही. पण माझं मत विचाराल तर, ज्या दानाचा उरलेला भाग शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊन पडतो, ते दान अजून पूर्ण झालेलं नसतं.

आता अवघड प्रश्न. माझा एक जैन मित्र आहे, ऑफिसात शेजारी बसतो, त्याने सरळ विचारलं: "तुझी आजी कोंबड्यांना एवढं जपते, आणि मग वडे-सागोतीही होते ना? याला यज्ञ कसा म्हणतोस?"

होते. खोटं कशाला बोलू. अंडी खातो, आणि घरात चाकरमानी आले की एखादी कोंबडीही कमी होते. आजी त्या दिवशी स्वतः जेवत नाही. वरणभात खाते. कारण सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

या श्लोकावरच्या भाष्यात शंकराचार्य 'पंचसूनां'चा उल्लेख करतात. सूना म्हणजे जीव मारला जातो ती जागा. (सासूबाईंनी गैरसमज करून घेऊ नये.) प्रत्येक घरात अशा पाच जागा परंपरेने सांगितल्यात: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. म्हणजे शुद्ध शाकाहारी घरातही रोज जीव जातात, चुलीत, केरात, दळताना. घर असलं की हिंसा आहेच, असं स्वच्छ कबूल केलंय. आणि त्याला उत्तर म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितलेत, देवांचा, ऋषींचा, पितरांचा, माणसांचा आणि पाचवा भूतयज्ञ, म्हणजे मुक्या जीवांचा वाटा. यात 'आता तुझे हात स्वच्छ' असं प्रमाणपत्र मिळत नाही. रोज देणं लागतं, म्हणून रोज द्यायचं. मित्राला हे पूर्ण पटलं नाही. त्याच्या जागी मलाही कदाचित पटलं नसतं, आणि त्याच्या घरातली अहिंसेची शिस्त माझ्यापेक्षा कितीतरी कडक आहे हे मी मानतो. माझ्यापुरता बोलायचं तर, जे ताटात येतं त्याचं नाव-गाव माहीत नसण्यापेक्षा त्याला रोज सकाळी दाणा घातलेला असणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

महाभारतातल्या वनपर्वात कौशिक ब्राह्मणाची गोष्ट आहे, मार्कंडेयांनी युधिष्ठिराला सांगितलेली. झाडाखाली वेदपठण करत असताना त्याच्या अंगावर बगळीची विष्ठा पडते. तो रागाने वर बघतो आणि ती मरून खाली पडते. एवढं तप, आणि ते खर्च कुठे झालं तर शिटेवर! पुढे एका घरी भिक्षेला जातो, ती गृहिणी नवऱ्याचं वाढण्यात असल्याने याला थांबवते. हा चिडतो, तेव्हा ती म्हणते की मी काही ती बगळी नाही. आणि धर्म शिकायला त्याला मिथिलेत पाठवते, कोणाकडे, तर मांस विकणाऱ्या धर्मव्याधाकडे. व्याध त्याला सांगतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात, आणि मग घरात नेऊन आपले म्हातारे आई-वडील दाखवतो, ज्यांची सेवा तो रोज करतो. माझं दैवत हेच, म्हणतो.

म्हातारे आई-वडील. इथे मी या आठवड्यात अडकलोय.

आजीला आता वाकवत नाही. बाबांचं म्हणणं, तिला कायमचं मुंबईला आणायचं, कोंबड्या विकून टाकायच्या, विषय संपला. आजीचं म्हणणं, "आधी ह्येंची सोय, मगे माझी." फोनवर दोघांचे आवाज चढले. बाबांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. रात्री ती पडली तर तिथे कोण आहे? पण तिचा हट्टही मला म्हातारपणाचा हट्ट वाटत नाही. स्वतःच्या सोयीआधी त्यांची सोय, हा तोच सकाळचा क्रम आहे.

शेवटी शेजारच्या वहिनी पुढे आल्या. कोंबड्या वाट्याने ठेवायच्या, अर्धी अंडी त्यांची, अर्धी आजीची, आजीची अर्धी त्यांनीच विकून पैसे बाजूला ठेवायचे. मी रानीखेतच्या लशीच्या तारखा फोनमध्ये घालून दिल्या, तालुक्याच्या दवाखान्यातून लस आणायचं वहिनींच्या मुलाने कबूल केलं. दिवाळीपर्यंत आजी तिथेच राहील आणि मूठ वहिनींच्या हातात देईल. नंतर बघू, असं बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू' आलं म्हणजे निम्मं काम झालं.

काल संध्याकाळी ऑन-कॉल होतो, मीटिंग चालू असतानाच वहिनींचा मेसेज आला: अकराही आत, त्यातली एक खुडूक बसलीय, अंडी खाली ठेवू का, आजींना विचारा. विचारलं. ठेव म्हणाली. एकवीस दिवस धरा.

उद्या श्लोक चौदा: अन्न, पाऊस आणि यज्ञ.

राम कृष्ण हरी.