शब्द कोणी निवडावा?

संतांच्या वचनात एखादा शब्द अडला, तर तेथे कोणता शब्द, कोणता अर्थ घ्यावा, हा प्रश्न पारायणात, भजनात आणि घरच्या वाचनातही वारंवार पडतो. कधी पोथी जुनी असते, कधी छापताना काना-मात्रा गळालेली असते, तर कधी शब्द स्पष्ट असूनही आजच्या बोलीतून तो गेलेला असतो. अशा वेळी पुष्कळ मंडळी म्हणतात, "अहो, देव भावाचा भुकेला. शब्दाला काय धरून बसायचं? जुळेल तो घालावा नि पुढं जावं." हे ऐकायला गोड आहे. पण शब्द संतांचा असता तो बदलण्याचा अधिकार आमच्या सोयीला कोणी दिला? प्रश्न व्याकरणाचा दिसतो, पण मुळात तो सचोटीचा आहे.

प्रथम शब्दाचा स्वभाव पाहू. शब्द एकटा कधी बोलत नाही. आपल्या घरातला 'वाढणे' हाच शब्द घ्या. पानात भात वाढतात, अंगणात तुळस वाढते, देवापुढे नारळ वाढवतात, आणि सुवासिनीची बांगडी फुटली तरी ती 'वाढली' असेच म्हणतात. शब्द एकच, पण कोठे देणे, कोठे मोठे होणे, तर कोठे फुटणे. तरी घरातले पोरही त्यात गोंधळत नाही. कारण ते नुसता 'वाढणे' शब्द ऐकत नाही, त्याच्या शेजारचा भात, तुळस, बांगडीही ऐकते. शास्त्रकारांनी हेच 'सैंधव' शब्दावरून समजावले. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडाही. जेवताना कोणी "सैंधव आण" म्हणाला तर मीठ आणावे. प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. पाटासमोर घोडा आणून उभा करणाराला कोश पाठ असेल, पण प्रसंग काही कळला नाही.

आता संतवाणीकडे वळू. 'धणी' हा शब्द तेथे तृप्ती या अर्थाने येतो. आज मात्र तो ऐकला की मालक आठवतो. मग निवाडा कसा करावा? शेजारी पाहावे. पाहणे, ऐकणे, जेवणे यांच्या संगतीत 'धणी' आला आणि पुढे 'पुरणे' ही क्रिया आली, तर मालक पुरेल कसा? पुरते ती तृप्ती. 'नावेक' म्हणजे क्षणभर. श्रोत्यांजवळ अवधान मागताना तो आला तर तेथे होडी शोधू नये. 'मात' म्हणजे गोष्ट, वार्ता. बुद्धिबळातली मात नव्हे. 'कोड' आज रोगाचे नाव झाले आहे. पण माय लेकराचे कोड पुरवते तेथे आवड, लाड हाच अर्थ, आणि 'कोडकौतुक' या जोडीत तो आजही जिवंत आहे. तेथे रोग पाहणाराने ना माय पाहिली, ना लेकरू.

शेजारच्या शब्दांनी भागले नाही तर मागची-पुढची ओवी पाहावी. तीही पुरली नाही तर प्रकरणाचा आरंभ आणि शेवट पाहावा. तोच शब्द त्याच संतांनी आणखी कोठे वापरला आहे, तेही शोधावे. आणि सर्वांत आधी विचारावे, की हे बोलतो कोण? पहिल्या अध्यायात अर्जुन युद्ध नको म्हणून नाना कारणे सांगतो. तीही गीतेतलीच वाक्ये. पण "गीतेत असं सांगितलंय" म्हणून ती पुढे करू लागलो तर ज्या मोहाचे निरसन करण्यासाठी भगवंत बोलले, तोच मोह आपण त्यांच्या नावावर खपवू. नाथांच्या भारुडात बोलणारा कधी जोशी असतो, कधी भुत्या. तेथला विंचू म्हणजे कामक्रोध. सोंग ओळखले नाही तर शब्द कळूनही अर्थ हुकतो.

आज मोबाईलवर अभंगाचा एक चरण सुटा करून पाठवतात, आणि तेवढ्यावर कोणाला तरी खाली पाहायला लावतात. मागचे चरण तोडले, पुढचे तोडले, आणि संतांच्या हातात आपली काठी दिली! याला आम्ही अज्ञान म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

याबाबतीत आदर्श श्रीनाथमहाराजांचा. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातोहात उतरून घेतली गेली आणि पाठांत भेद शिरले. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, नाथांनी ती शुद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी अडलेली ओवी नवी रचून घालणे त्यांना काय अवघड होते? पण त्यांनी माउलींचा पाठ शोधला, आपला घातला नाही. आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये, असेही बजावून ठेवले. ज्याच्याजवळ शब्दांची खाण होती, त्याने हात आखडला. मग आम्ही तो सैल का सोडावा?

येथे एक सावधगिरी हवी. संदर्भ पाहतो असे म्हणणाराही फसू शकतो. ज्याने अर्थ आधीच ठरवला आहे, त्याला हवा तसा संदर्भ सापडतोच. म्हणून दोन शब्द सारखेच जुळत असतील, तर जो आपल्याला सोपा वाटतो त्याच्याविषयी अधिक शंका घ्यावी. उतरून घेणारा माणूस अपरिचित शब्दाच्या जागी ओळखीचा लिहून जातो. ओळखीचा पुसून अवघड शब्द सहसा कोणी घालत नाही. आणि तरीही उलगडा झाला नाही तर? पाठ आहे तसा ठेवावा, जाणत्याला विचारावे. "हा शब्द आम्हांस कळला नाही" असे श्रोत्यांपुढे म्हटल्याने कीर्तनकाराचे काही जात नाही. न कळता ठोकून दिल्याने मात्र शंभर कानांत चूक जाते, आणि घरोघर जाऊन बसते.

मग भावाचे काय? वारीच्या वाटेवर एखादी आजी ओवी म्हणता म्हणता शब्द उलटापालटा करते. तिच्या भक्तीत तिळभर उणे येत नाही. ती देवाशी बोलते, आणि देवाला तिचा संदर्भ ठाऊक आहे. पण जो संतांच्या नावाने लोकांशी बोलतो त्याची जबाबदारी निराळी. आजीला माफ ते त्याला माफ नाही. भाव ही आपली वस्तू, ती देवाला वाहावी. शब्द ही ठेव, ती होती तशी पुढच्या हाती द्यावी.

हीच सवय घरातही उपयोगी पडते. सुनेच्या तोंडचा एक शब्द, भावाच्या निरोपातला एक शब्द घेऊन वर्षानुवर्षे अबोला चालतो. तो शब्द कोणत्या प्रसंगी, कोणत्या दुःखात निघाला, हे कोणी विचारीत नाही. पोथीतल्या शब्दाला जो मागचे-पुढचे पाहून न्याय देतो, त्याने माणसाच्या शब्दालाही तो द्यावा; नाहीतर त्या वाचनाचा उपयोग काय? शब्द आपण निवडायचा नसतो. त्याच्या सोबत्यांना विचारायचे, आणि ते सांगतील तो नम्रपणे घ्यायचा. इतके धैर्य आणि इतकी सबुरी आम्हां सर्वांस लाभो, हीच श्रीपांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.