तीन महिन्यांच्या पोराचा धंदा

जुन्या मृत्यूनोंदीची नक्कल हाती यावी, मयताचे वय तीन महिने असावे आणि धंद्याच्या रकान्यात ‘काश्त’ लिहिलेले असावे. काश्त म्हणजे शेती. पाळण्यातले पोर कुठली शेती करणार? वाचणारा आधी हसतो, मग नोंद बनावट तर नाही ना म्हणून धास्तावतो. धास्तावण्याचे कारण नाही. त्या रकान्याला आपण जे विचारतो आहोत, ते लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलेच नव्हते.

वाशीम जिल्ह्यात असा कागद बहुधा ‘कोतवाल बुकाची नक्कल’ या नावाने मिळतो. वंशावळीच्या हौसेने तो काढणारे थोडे. बाकीचे सगळे जात पडताळणीसाठी येतात. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून तर ही जुनी बाडे पुन्हा पुन्हा सोडली-बांधली गेली. साहजिकच प्रत्येकाचे बोट ‘कौम’ म्हणजे जातीच्या रकान्यावर जाऊन थांबते. शेजारच्या ‘पेशा’कडे, म्हणजे धंद्याकडे, कुणी पाहत नाही, आणि पाहिले तरी तिथला शब्द विचित्र असला तरच.

आता हा पेशा कुणाचा, ते पाहू. 1891 च्या जनगणनेत धंद्याची मोजणी ‘उपजीविकेचे साधन’ म्हणून झाली. ज्या कामावर घर जगते ते काम कमावत्याच्या नावापुढे आणि त्याच्यावर पोसल्या जाणाऱ्या सगळ्यांच्या नावापुढे, असा तो हिशेब. कमावते वेगळे आणि आश्रित वेगळे, ही विभागणी 1901 च्या गणनेत आली. सरकारी कागद असा विचार करत होता आणि गावही तसाच करत होते. गावात कुणी ‘तुम्ही काय करता’ असे विचारत नाही, ‘तुमचं कसं चालतं’ असे विचारतात. पोराच्या नावापुढचे ‘काश्त’ हे त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे: ज्या घरात ते पोर गेले, त्या घराची चूल शेतीवर पेटत होती.

एवढे ध्यानात घेतले की पुष्कळ कोडी सैल होतात. बायकांच्या नोंदी घ्या. नावापुढे ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, आणि पेशाच्या रकान्यात नवऱ्याचा धंदा, ‘घरकाम’ किंवा नुसती आडवी रेघ. वऱ्हाडातला कापूस वेचला बायकांनी, निंदण-खुरपण केले बायकांनी, आणि रेघ त्यांच्याच वाट्याला. रेघेचा अर्थ ‘काम करत नव्हती’ असा लावला तर तो धडधडीत खोटा ठरेल. घर तिच्या मजुरीवर चालते असे सांगणाऱ्याने मानले नव्हते, एवढेच ती रेघ सांगते. उलट एखाद्या बाईपुढे ‘मजुरी’ असे स्वच्छ लिहिलेले दिसले तर तिथे थांबावे. नवरा आधीच गेलेला असेल, किंवा जमीन.

सांगणारा कोण, हाही प्रश्न आहेच. मयत स्वतः काही सांगायला येत नाही. सांगणार भाऊ, शेजारी, पाटील, नाहीतर कोतवाल; लिहिणार तिसराच. लिहिणाऱ्याचा हात मोडीचा असेल तर शब्द एकमेकांना जोडलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि वरच्या ओळीतलेच खाली आले की ‘सदर’ म्हणून मोकळे. 1918 च्या मानमोडीसारख्या साथीत माणसे पटापट गेली, तेव्हाच्या पानांवर सांगणारा आणि लिहिणारा दोघेही घाईत असणार हे धरून चालावे. अशा पानावरचा ‘सदर’ धंदा मयताचा आहे की वरच्या ओळीतल्या मयताचा, हे ठरवताना जपावे.

शिवाय ते शब्द त्या गावचे आहेत. समजा, कारंज्याजवळच्या एका नोंदीत ‘प्रेसमध्ये नोकर’ असे आहे. आजच्या नातवाला वाटेल, आजोबा छापखान्यात खिळे जुळवत होते. कारंजा लाडचा कापूस बाजार 1886 सालचा, देशातला पहिला नियमन झालेला बाजार म्हणून त्याचे नाव घेतात. तिथे प्रेस म्हणजे सरकी काढलेल्या रुईच्या गाठी दाबणारा कारखाना. आजोबांच्या अंगावर शाई उडालेली नसणार, कापसाची धूळ बसलेली असणार. त्याच बाजारातले मापारी, अडते, दलाल, हमाल हेही अशा नोंदींत भेटू शकतात. 1897 च्या वऱ्हाडातल्या कायद्याने दलाल आणि मापारी यांना परवाना लागू लागला. त्यामुळे एखाद्यापुढे ‘मापारी’ असेल तर मृत्यूची नोंद सोडून बाजाराच्या कागदांतही त्याचा माग काढता येईल. ‘जागल्या’ हा गावच्या राखणीचा माणूस. ‘सालदार’ म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतकऱ्याकडे राबणारा. त्याची चूल शेतीवरच पेटत होती, पण दुसऱ्याच्या. म्हणून ‘काश्त’ आणि ‘सालदार’ यांत जमिनीएवढे अंतर.

सर्वांत अवघड नोंदी मात्र परिचित शब्दांच्याच. काही वह्यांत जात आणि धंदा वेगळे, काहींत दोन्ही एकाच रकान्यात. तेली, माळी, सुतार, कुंभार, शिंपी हे शब्द दोन्हींकडे बसतात. ‘तेली’ लिहिलेल्या घरात घाणा फिरत होता की कधीच मोडीत निघाला होता, हे त्या एका शब्दावरून ठरवू नये. जिथे जात लिहून पुन्हा वेगळा धंदा लिहिला आहे, ती ओळ सोन्याची. कारण तिथे लिहिणाऱ्याने सवयीचा शब्द पुरेसा मानला नाही. बंजाऱ्यांच्या नोंदींत हे नीट पाहावे. पोहरादेवीचा हा जिल्हा, तांड्यांचा. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलखामुलखांत नेण्याचा त्यांचा धंदा, लदेणी, गाडीरस्ते आणि रेल्वे आल्यावर बसला. पुढच्या पिढीच्या माणसापुढे ‘बंजारा, मजुरी’ असे असेल तर त्या दोन शब्दांच्या मधल्या स्वल्पविरामात एक अख्खा व्यवसाय बुडालेला असतो.

माझे मत विचाराल तर मृत्यूची नोंद एकटी वाचूच नये. मुलाच्या जन्माच्या वेळी बाप ‘काश्त’, शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात पालकाचा धंदा ‘शेती’, आणि मरताना तोच माणूस ‘मजूर’. पडताळणीच्या टेबलावर ही विसंगती म्हणून मांडली जाते, आणि घरचे लोकही ओशाळून ‘लिहिणाऱ्याची चूक’ म्हणतात. चूक असेलही. पण मधली वर्षे कोणती ते पाहा. 1930 च्या आसपास कापसाचे भाव कोसळले आणि कर्जात बुडालेल्या वऱ्हाडी कुणब्याची जमीन सावकाराकडे जाणे ही काही नवलाची गोष्ट राहिली नाही. हक्कनोंदीच्या कागदात त्याच सुमारास खातेदाराचे नाव बदललेले सापडले, तर तिन्ही नोंदी खऱ्या. त्या माणसाच्या आयुष्याची उतरण त्यांनी क्रमाने टिपलेली आहे.

मग आजूबाजूच्या ओळीही वाचाव्यात. त्याच हाताने त्याच महिन्यात इतरांपुढे काय लिहिले? पानभर सगळ्यांनाच ‘मजुरी’ असेल तर तो लिहिणाऱ्याचा आळस. दहा जणांना ‘काश्त’, दोघांना ‘सालदार’, एकाला ‘भिक्षा’ असेल तर तो माणूस भेद करून लिहीत होता, त्याच्यावर भरवसा ठेवावा. नक्कल घेताना एका ओळीची मिळते. शक्य असेल तिथे अभिलेख कक्षात आख्खे पान डोळ्यांखालून घालण्याची परवानगी मागावी. आणि कागद वाशीमलाच असेल असे धरू नये: बासीम (वाशीमचे जुने नाव) जिल्हा 1905 मध्ये मोडला, त्यातले वाशीम अकोल्यात गेले, आणि वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. कारंजा तर दीर्घकाळ मूर्तिजापूर तालुक्यात होता. मधल्या नव्वद-एक वर्षांचा माग काढताना अकोल्याची वारी चुकवता येत नाही.

आज मरणाऱ्यांच्या बाबतीत ही उठाठेव करता येणार नाही. मृत्यूची खबर देताना मयताचा धंदा अजून विचारतात, तो तंबाखू खात होता का तेही विचारतात. पण ती माहिती फॉर्मच्या सांख्यिकी भागात असते आणि तो भाग वेगळा होऊन आकडेवारीसाठी वर जातो. घरच्यांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, आईबापांची नावे असतात. धंद्याचा रकाना नसतो.