लाट आणि अमानत

जुळे सोलापूरला समुद्र नाही. तरी दोन बेवारस जहाजे आम्हाला राहून राहून आठवतात. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने जपानच्या हाचिनोहे बंदरातून ‘र्‍योउन मारू’ ओढून नेले. दिवा नाही, माणूस नाही. वर्षभर ते भरकटत राहिले. मालकाने परत नेले नाही. अखेर ५ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने अलास्काजवळ तोफा डागून ते बुडवले. त्याआधी २०११ च्याच पावसाळ्यात, ओमानजवळ खलाशांनी सोडलेले ‘पवित’ महिनाभर वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतले.

खलाशांना आम्ही दोष देणार नाही. जीव वाचवणे फर्जच आहे. प्रश्न मालकाचा आहे. नोंदवहीतून नाव कमी होते. अमानतही संपते काय? आमच्या सोलापुरातही गिरण्या बंद पडल्या. मालक मोकळे झाले, कामगार वाऱ्यावर राहिले.

‘अल्लाहची मर्जी’ म्हणून हात झटकणे सोपे असते. पण तवक्कुल म्हणजे दोर सोडून देणे नव्हे. लाटेचा जाब आपल्याला कोणी विचारणार नाही. सोडून दिलेल्या अमानतीचा मात्र विचारला जाईल.