चेहऱ्यावरचे व्रण

फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ साली दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ थाटला आणि छायाप्रकाशातून चित्रतारकांचे चेहरे घडविले. त्या काळी छायाचित्रकार निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग नाहीसे करीत. अशा छायाचित्रांच्या प्रदर्शनात मन हरखते, आणि एक प्रश्नही पडतो. मधुबालेच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. १९६९ साली, अवघ्या ३६व्या वर्षी ती निवर्तली. छायाचित्रातील तिच्या हास्याला याची वार्ताही नसते. मग ते हास्य असत्य म्हणावे काय?

तसे म्हणवत नाही. चेहऱ्यावर प्रकाश पाडणे म्हणजे निर्मात्याच्या देणगीचा आदर करणे होय. पण खुणा पुसता पुसता माणूसच पुसला गेला तर? कन्हान परिसरातील कोळसाखाणीत राबलेल्या बापाचे छायाचित्र भिंतीवर लावण्यासाठी मोठे करताना आपणही त्याचा वर्ण उजळ करून मागतो, कपाळावरचा व्रण घालवायला सांगतो. नातवंडांनी मग कोणाला ओळखावे?

पुनरुत्थित प्रभूचे शरीर गौरवी होते, तरी खिळ्यांचे व्रण त्याने राखले. ते दाखवूनच त्याने थोमाचा संशय फेडला. गौरवाला व्रणांची लाज नसते. बापाच्या चेहऱ्यावर प्रकाश अवश्य पडावा. व्रण मात्र राहू द्यावा.